दाह कुठवर आला?

डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलं की समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध पुसट होतो, सरळ रेषा वाकड्या दिसतात, कधी एका डोळ्याने पाहिलेली वस्तू दुसऱ्याने पाहिलेल्या वस्तूपेक्षा लहान वाटते. असं पाणी साचवणारे दोन आजार आहेत आणि त्यांची गफलत होणं फार महागात पडतं. एकाचं नाव सेंट्रल सीरस कोरिओरेटिनोपथी, डॉक्टरांच्या बोलण्यात सीएससी. दुसऱ्याचं व्होग्ट-कोयानागी-हाराडा, म्हणजे व्हीकेएच. व्हीकेएचमध्ये स्टेरॉइडचा मोठा डोस लवकर मिळाला तर नजर वाचते; पुष्कळदा तो शिरेतून, दिवसाला एक ग्रॅम असा तीन दिवस देतात आणि मग महिनोन् महिने गोळ्या चालतात. सीएससीमध्ये तेच स्टेरॉइड दिलं तर पाणी वाढतं. दम्याचा पंप, त्वचेवरचं मलम, सांध्यात दिलेलं इंजेक्शन, कुठल्याही वाटेने शरीरात गेलेलं स्टेरॉइड सीएससीला निमित्त ठरू शकतं. तिथे पहिला उपचार म्हणजे ते बंद करणं.

एकाला जे औषध हवंच, ते दुसऱ्याला नकोच. आणि भिंगातून पाहिलं तर दोघांचाही पडदा फुगलेला दिसतो.

व्हीकेएचची आणखी लक्षणं असतात, हे खरं. तो बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो. आधी काही दिवस डोकं दुखतं, मान आखडते, कानात आवाज येतात, डोक्याच्या त्वचेला हात लावला तरी झोंबतं. शरीराच्या टी-पेशी स्वतःच्याच रंगपेशींवर उलटलेल्या असतात आणि अशा पेशी डोळ्यात, कानात, मेंदूच्या आवरणात, त्वचेत सगळीकडे आहेत. पुढे पापण्यांचे केस पांढरे होतात, अंगावर कोडाचे डाग उमटतात. पण डोळ्याच्या डॉक्टरकडे आलेला माणूस कानातल्या आवाजाबद्दल आपणहून बोलत नाही, आणि केस पांढरे व्हायला तर अजून अवकाश असतो. निर्णय मात्र आज घ्यायचा असतो. अशा वेळी पडद्याच्या प्रतिमा काय सांगतात, कुठे ठाम सांगतात आणि कुठे चकवतात, हा या प्रकरणाचा विषय आहे. माझ्या मते या सगळ्या महागड्या यंत्रांची खरी किंमत एकाच प्रश्नावर ठरते: दाह दाबणारं औषध द्यायचं का, किती द्यायचं, आणि कधी थांबवायचं.

डोळ्याच्या भिंतीत मधला एक थर रक्तवाहिन्यांनी आणि रंगद्रव्याने गच्च भरलेला असतो. त्याला युव्हिया म्हणतात. पुढच्या बाजूला त्याची परितारिका होते, मागच्या बाजूला तो कोरॉइड म्हणून पडद्याच्या पाठीशी पसरतो. या थराचा दाह म्हणजे युव्हायटिस. पुढचा भाग पेटला तर डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही आणि माणूस धावत दवाखाना गाठतो. मागचा भाग पेटला तर पुष्कळदा काहीच दुखत नाही. डोळ्यांसमोर काळे ठिपके तरंगतात, नजर जरा मंदावते, आणि चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून दोन महिने निघून जातात. मागचा दाह बोलत नाही, म्हणून त्याला पाहावं लागतं.

हेल्महोल्ट्झने १८५१ साली ऑफ्थॅल्मोस्कोपवरची पुस्तिका प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाच्या डोळ्यातला पडदा प्रथमच नीट पाहता येऊ लागला. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं डॉक्टरांना पडदा दिसला तो समोरून, नकाशा पाहावा तसा सपाट. त्याची जाडी, त्याच्या आतले थर, त्याच्या पाठीमागे काय चाललंय, हे मृत्यूनंतर कापून काढलेल्या डोळ्यातच कळायचं. १९९१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या डेव्हिड हुआंग, एरिक स्वान्सन, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक शोधनिबंध लिहिला आणि ही अडचण संपली. ऑप्टिकल कोहिअरन्स टोमोग्राफी, म्हणजेच आज गावोगावच्या नेत्रचिकित्सालयांत ‘ओसीटी काढून या’ म्हणून सांगतात ती तपासणी, तिथून आली.

तत्त्व सोनोग्राफीचंच, फक्त आवाजाऐवजी प्रकाश. डोळ्याला जेमतेम जाणवणारा अवरक्त प्रकाश आत सोडायचा आणि कुठल्या थरावरून किती परत आला ते मोजायचं. अडचण एवढीच, की प्रकाशाचा वेग इतका प्रचंड आहे की त्याचा प्रतिध्वनी कुठल्याही घड्याळात पकडता येत नाही. म्हणून किरणाचे दोन भाग करतात, एक डोळ्यात आणि एक ठरावीक अंतरावरच्या आरशाकडे. परत आलेले दोन्ही भाग एकमेकांत मिसळले की त्यांच्या लहरींच्या मेळावरून खोली काढता येते. पडदा मध्यभागी साधारण पाव मिलिमीटर जाड असतो आणि आजची यंत्रं त्या पाव मिलिमीटरमधले पाच-सात मायक्रॉनवरचे थर वेगळे दाखवतात. सुरुवातीची यंत्रं सेकंदाला काहीशेच उभ्या रेघा टिपत. आताची कित्येक हजार टिपतात. डोळा क्षणभर हलला तरी चित्र बिघडत नाही, ते त्यामुळे.

आता व्हीकेएचच्या पहिल्या आठवड्यातल्या ओसीटीचं एक चित्र वरून खाली वाचू. सगळ्यात वर काळा भाग, तो डोळ्यात भरलेला जेलीसारखा व्हिट्रियस. त्यात बारीक चमकदार ठिपके विखुरलेले असतील, तर त्या बहुधा दाहाच्या पेशी. त्याखाली पडद्याचे थर, करड्या रंगाच्या आडव्या पट्ट्या. त्याखाली काळे कप्पे, म्हणजे पाणी. सीएससीत हा कप्पा बहुधा एकसंध असतो, स्वच्छ घुमटासारखा. व्हीकेएचमध्ये त्याच्या आत आडभिंती असतात, एका मोठ्या कप्प्याचे अनेक छोटे कप्पे झालेले असतात. या आडभिंती म्हणजे रक्तातून झिरपलेलं फायब्रिन असावं, असं पूर्वी मानत. प्रतिमा अधिक धारदार झाल्यावर लक्षात आलं की बऱ्याच ठिकाणी प्रकाशग्राही पेशींचा थरच आडवा फाटलेला असतो. वरचा अर्धा भाग पाण्याबरोबर उचलला जातो आणि खालचा अर्धा तळाशी चिकटून राहतो. याला बॅसिलरी लेयर डिटॅचमेंट म्हणतात. एखाद्या पेशीचे दोन तुकडे होण्याइतका दाब खालून आला, याचा अर्थ पाणी संथपणे झिरपलेलं नाही, जोरात उसळलेलं आहे.

आणखी खाली एक ठळक पांढरी रेघ दिसते. ती आरपीईची, म्हणजे पडद्याला पोसणाऱ्या रंगपेशींच्या एकेरी थराची. ही रेघ पाहायला मी वाचकाला आवर्जून सांगेन. सीएससीत ती साधारण सरळ असते, एखाद्या जागी लहानसा उंचवटा. व्हीकेएचमध्ये ती लाटेसारखी वरखाली होते, कारण तिच्याखालचा कोरॉइड सुजून तिला ढकलत असतो. त्या लाटा आणि वरचे कप्पे एकत्र दिसले, की अनुभवी डॉक्टर कानातल्या आवाजाबद्दल स्वतःहून विचारतात.

रेघेच्या खाली मात्र पहिला चकवा आहे. व्हीकेएचमध्ये कोरॉइड जाड होतो हे बरोबर, पण सीएससीतही तो जाडच असतो. एकात दाहाच्या पेशींनी, दुसऱ्यात फुगलेल्या रक्तवाहिन्यांनी. ‘कोरॉइड जाड आहे, म्हणजे दाह आहे’ असा निष्कर्ष काढून स्टेरॉइड सुरू केलं, तर नुकसान होण्याची शक्यता खरीच आहे. मुळात कोरॉइड ओसीटीत नीट दिसू लागला तोच उशिरा. आरपीईतला रंग प्रकाश अडवतो, त्यामुळे खालचं सगळं धूसर यायचं. २००८ साली रिचर्ड स्पेड आणि सहकाऱ्यांनी त्यावर आश्चर्य वाटावं इतका साधा उपाय काढला. यंत्र नेहमीपेक्षा डोळ्याच्या जवळ नेलं, की चित्र उलटं होतं आणि यंत्राची सर्वांत तीक्ष्ण नजर पडद्याऐवजी कोरॉइडवर स्थिरावते. त्यासाठी नवं भिंग लागलं नाही, नवा लेझर लागला नाही. तेव्हापासून व्हीकेएचच्या रुग्णात औषध लागू पडतंय की नाही, हे कोरॉइडच्या जाडीवरून दिवसागणिक मोजता येतं. आणि उतरलेली जाडी पुन्हा वाढू लागली, तर नजर अजून चांगली असतानाच आजार डोकं वर काढतोय हे कळतं.

ओसीटी रचना दाखवते, पण रक्तवाहिनी गळते आहे का, हे तिला सांगता येत नाही. निरोगी पडद्याच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर इतकं घट्ट जोडलेलं असतं की रक्तातलं बाहेर फारसं काही जात नाही. दाह झाला की ते सांधे सैल होतात. हे पाहायची पद्धत अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या हॅरल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड अॅल्व्हिस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी शोधली. फ्लुओरेसीन नावाचं पिवळं रंगद्रव्य शिरेत टोचायचं, निळा प्रकाश टाकायचा, आणि रंगद्रव्यातून निघणारा हिरवट उजेड कॅमेऱ्याने टिपायचा. पहिलं इंजेक्शन घेतलं ते अॅल्व्हिसने स्वतः. त्यांचा निबंध १९६१ साली छापला गेला तो ‘सर्क्युलेशन’ या हृदय व रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात.

आजही तपासणी तशीच होते. दंडातून गेलेलं रंगद्रव्य दहा-पंधरा सेकंदांत डोळ्यात पोचतं. आधी कोरॉइड उजळतो, सेकंदभराने पडद्याच्या धमन्या, मग केशवाहिन्या, मग शिरा. काहींना या वेळी मळमळतं. त्वचेवर थोडा वेळ पिवळसर झाक येते आणि लघवी दिवसभर गडद केशरी होते. सांगितलेलं नसेल तर घरी गेल्यावर माणूस घाबरतो, म्हणून ते आधीच सांगायला हवं. खरी माहिती मात्र नंतरच्या मिनिटांत असते. निरोगी डोळ्यात दहा मिनिटांनी उजेड विझत आलेला असतो. दाह असलेल्या डोळ्यात तो रेंगाळतो, पसरतो, रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट करतो. व्हीकेएचमध्ये सुईच्या टोकाएवढे असंख्य ठिपके उजळतात, त्यांच्यातून निघालेलं रंगद्रव्य पाण्याच्या कप्प्यांत साचतं आणि दृष्टिचेतेचं तोंडही चमकू लागतं. सीएससीत गळतीची जागा बहुधा एखादी-दुसरीच सापडते.

तुर्कस्तानच्या हुलुसी बेहचेट यांनी १९३७ साली तोंडातले फोड, जननेंद्रियांवरचे व्रण आणि डोळ्यांचा दाह यांची सांगड घातली. त्या बेहचेट आजारात फ्लुओरेसीनची ही तपासणी अक्षरशः डोळे उघडणारी ठरते. बाहेरून डोळा शांत असतो, भिंगातून पडदा स्वच्छ दिसतो, रुग्ण म्हणतो बरं आहे. आणि रंगद्रव्य सोडलं की पडद्याच्या कडेपर्यंतच्या केशवाहिन्यांतून गळती दिसते; तिचा आकार नेच्याच्या पानासारखा असल्यामुळे तेच नाव तिला पडलं आहे. ही गळती शिल्लक असेल तर औषध कमी करू नये, असं तज्ज्ञ मानतात. बेहचेटला वारंवार लागणारी अॅडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं सुरू करण्याआधी आपल्याकडे एक गोष्ट चुकवता येत नाही, ती म्हणजे क्षयरोगाची तपासणी. ही औषधं शरीरात दडून बसलेला क्षय जागा करू शकतात.

क्षयाचा विषय निघालाच आहे, तर भारतातल्या युव्हायटिसची गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येत नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. क्षयाचे जंतू डोळ्यात पोचतात तेव्हा सापडणं फार कठीण असतं, कारण तिथे ते मोजकेच असतात आणि डोळ्याचा तुकडा कापून तपासता येत नाही. कोरॉइडचा एक दाह सापासारखा वळणावळणाने पुढे सरकतो. पाश्चात्त्य पुस्तकांत तो स्वयंप्रतिकारक आजार म्हणून लिहिलेला होता आणि उपचार म्हणजे स्टेरॉइड व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. चंडीगडच्या पीजीआयमध्ये अमोद गुप्ता, विशाली गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलं की आपल्याकडे तसाच दिसणारा एक आजार क्षयाशी निगडित आहे. त्याचे डाग एकाच वेळी अनेक ठिकाणी उमटतात, व्हिट्रियसमध्ये पेशी दिसतात. मूळ आजाराची सुरुवात मात्र बहुधा दृष्टिचेतेच्या तोंडापासून होते आणि व्हिट्रियस जवळजवळ स्वच्छ राहतो. स्टेरॉइडच्या जोडीला क्षयाची औषधं दिली, तर हा आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण घटतं हेही पुढे दिसलं. भारतातल्या डॉक्टरांनी जगाच्या पाठ्यपुस्तकात घातलेली ही मोलाची भर आहे आणि तिचा पुरेसा गवगवा झाला नाही, असं मला वाटतं.

या आजारावर नजर ठेवायला ऑटोफ्लुओरेसन्स नावाची प्रतिमा कामी येते. तिला इंजेक्शन लागत नाही. आरपीईच्या पेशींत आयुष्यभर साचणारं लायपोफ्युसिन निळा प्रकाश पडला की मंद उजळतं आणि कॅमेरा तेच टिपतो. पेशी त्रासात असतील तर तिथला उजेड वाढतो. मेल्या तर तिथे काळोख. उन्हाळ्यात सह्याद्रीचा डोंगर रात्री वणव्यात पाहिला असेल, तर आठवेल: मधलं गवत जळून काळं झालेलं असतं आणि विस्तवाची रेघ कडेकडेने पुढे सरकत असते. कोरॉइडच्या या दाहात ऑटोफ्लुओरेसन्सचं चित्र तसंच दिसतं. पहिल्या दिवसांत सगळा डाग धूसर उजळतो. मग त्याच्याभोवती बारीक काळी किनार येते, मग आतला उजेड ठिपक्याठिपक्यांनी विझत जातो आणि शेवटी सबंध डाग एकसारखा काळा होतो. काळ्या डागाच्या एखाद्या कडेला पुन्हा उजेड दिसला, तर आजार तिथून पुढे निघाला आहे. आणि ती कड पडद्याच्या मध्यबिंदूपासून किती दूर आहे, यावर सगळी घाई ठरते. साध्या रंगीत छायाचित्रात ही कड अनेकदा लक्षातही येत नाही.

इथे दुसरा चकवा. क्षयाची औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत डाग उलट वाढलेले दिसू शकतात. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीराने चढवलेला तो हल्ला असतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. चित्र बिघडलं म्हणून क्षयाची औषधं थांबवली तर ती चूक ठरते. अशा वेळी बहुधा स्टेरॉइड वाढवावं लागतं. प्रतिमा तीच, पण औषध कधी सुरू झालं हे माहीत नसेल तर तिचा अर्थ उलटा लागतो. शिवाय क्षयाच्या औषधांपैकी इथॅम्ब्युटॉल स्वतःच दृष्टिचेतेला इजा करू शकतं, म्हणून नजर आणि रंगांची ओळख मधूनमधून तपासायची असते.

तिशीच्या आतबाहेरच्या पुरुषांमध्ये आपल्याकडे ईल्स हा आजारही बराच दिसतो. बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स यांनी १८८०मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यात शिरांना सूज येते, पडद्याच्या कडेचा रक्तपुरवठा बंद पडतो, नव्या कमकुवत रक्तवाहिन्या फुटतात आणि एका सकाळी डोळ्यात रक्त उतरतं. क्षयाशी त्याचा संबंध वर्षानुवर्षं चर्चेत आहे. हे सगळं चालतं पडद्याच्या कडेला, आणि जुने कॅमेरे मधला ३० ते ५० अंशांचाच तुकडा टिपत. आता एका झटक्यात २०० अंश टिपणारे कॅमेरे आले आहेत. त्यांच्यामुळे लेझर नेमका कुठे द्यायचा हे ठरवणं पुष्कळ सोपं झालं.

ओसीटी अँजिओग्राफी हे अलीकडचं तंत्र रंगद्रव्याशिवाय रक्तप्रवाहाचा नकाशा काढतं. कोरॉइडच्या सर्वांत बारीक वाहिन्यांत रक्त कुठे थांबलंय, हे ते छान दाखवतं. पण त्याला दिसतात फक्त हलणाऱ्या रक्तपेशी, गळती दिसत नाही. त्यामुळे दाहाच्या रुग्णात फ्लुओरेसीनचं इंजेक्शन अजून हद्दपार झालेलं नाही.

सगळ्यात मोठा चकवा उरलाच आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसात व्हिट्रियस धूसर होतो, पेशी दिसतात, युव्हायटिस म्हणून स्टेरॉइड दिलं जातं, थोडं बरं वाटतं आणि बंद केलं की सगळं परत येतं. अशा रुग्णात डोळ्यातला लिम्फोमा, म्हणजे कर्करोग, मनात आणायलाच हवा. प्रतिमा इथे इशारा देतात. आरपीईच्या खाली चमकदार साठे दिसतात, पडद्याच्या थरांत उभ्या चमकदार रेघा दिसतात, आणि इतका धूसरपणा असूनही खऱ्या युव्हायटिसमध्ये अपेक्षित असते तेवढी मध्यबिंदूवरची सूज आणि गळती नसते. त्या पेशींना कर्करोगाच्या म्हणायचं की दाहाच्या, हे मात्र कुठलंही चित्र सांगू शकत नाही. त्यासाठी व्हिट्रियसचा नमुना काढावा लागतो. आणि आधीच स्टेरॉइड दिलेलं असेल तर त्या पेशी विरघळून नमुना रिकामा निघण्याचा धोका असतो. नागिणीच्या जातीच्या विषाणूंनी पडदा सडवला असेल किंवा सिफिलिसचा दाह असेल, तरीही एकटं चित्र पुरत नाही. डोळ्यातल्या पाण्याच्या थेंबाची पीसीआर, रक्ताच्या तपासण्या, छातीचं स्कॅन यांच्याशेजारी ठेवूनच प्रतिमा वाचायची असते.

व्हीकेएचचा तीव्र भर ओसरल्यावर पडद्यामागचा रंग उडत जातो आणि डोळ्याचा तळ मावळतीच्या आकाशासारखा लालसर दिसू लागतो. बाहेरून सगळं थंड झालेलं असतं, गोळ्या हळूहळू कमी करत आणलेल्या असतात. याच काळात इंडोसायनिन ग्रीन नावाचं दुसरं रंगद्रव्य वापरून कोरॉइडची तपासणी केली, तर काही रुग्णांत काळे ठिपके सापडतात. दाह खाली अजून धुमसत असल्याची ती खूण. अशांच्या गोळ्या आणखी सावकाश उतरवतात किंवा मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेटसारखं स्टेरॉइड वाचवणारं औषध जोडतात. ठिपके आधीच्या वेळेपेक्षा कमी झाले की वाढले, हे कळायला आधीचं चित्र हाताशी असावं लागतं. आजची ओसीटी यंत्रं मागच्या वेळी जिथे रेघ मारली नेमकी तिथेच पुन्हा मारतात, पण त्याच यंत्रावर, त्याच नोंदीत. रुग्णाने शहर बदललं, डॉक्टर बदलला, की ही साखळी तुटते. पुष्कळ जण फाईलमध्ये छापील अहवालाचं एकच पान किंवा मोबाइलवर काढलेला त्याचा फोटो घेऊन येतात. त्या फोटोत जाडीचा आकडा वाचता येतो. पाण्याच्या कप्प्यातल्या आडभिंती आणि आरपीईच्या लाटा दिसत नाहीत. मूळ प्रतिमा सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्याव्यात, त्यांच्यावर तारीख असावी, आणि त्या दिवशी स्टेरॉइडचा डोस किती चालू होता हे शेजारी लिहून ठेवावं.